घाटात गिअरबॉक्सवर नजर: एफ-१५० आणि स्कॅनरच्या नोंदी

७ जून २०२५, लेकवुड, कोलोरॅडो

ट्रक २०१३ चा फोर्ड एफ-१५०: साडेतीन लिटरचं इकोबूस्ट इंजिन, सहा गिअरचा ६आर८० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे २४ फुटी, दोन ॲक्सलचा कॅम्पर ट्रेलर, यंदाच सेकंडहँड घेतलेला. जुलैत डिलन तलावाकाठच्या हीटन बे कॅम्पग्राउंडचं बुकिंग झालंय. म्हणजे आय-७० महामार्ग धरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढायचं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो. विरळ हवा गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरमधून उष्णताही कमी वाहून नेते. टर्बो असल्यामुळे इंजिनाचा जोर मात्र फारसा कमी होत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सवरचा भार तसाच राहतो आणि त्याला थंड करणारी हवा तेवढी कमी पडते.

डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा आहे, पण त्याला आकडे नाहीत. गाडी तापली की काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. दोनशे अंश असो की सव्वादोनशे, काटा तेच सांगणार. मला तीन गोष्टी कळायला हव्यात: या ट्रकचा नेहमीचा आकडा कोणता, ट्रेलर लावल्यावर तो किती चढतो, आणि चढलाच तर माझ्या हातात काय आहे. (इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, म्हणून नोंदीही फॅरनहाइटमध्येच. सेल्सिअस असेल तिथे तसं लिहिलंय.)

८ जून

ओबीडी-२ चं, म्हणजे गाडीच्या संगणकाकडून आकडे मागायचं, सोळा पिनांचं सॉकेट १९९६ पासून इथल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली असतं. इंजिनाचे फेरे, वेग, कूलंटचं तापमान हे आकडे सगळ्या कंपन्यांना एकाच ठरलेल्या कोडने द्यावे लागतात. गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान मात्र या रोजच्या यादीत सापडत नाही. ते कंपनीच्या स्वतःच्या कोडमागे असतं आणि ‘मोड २२’ वापरून मागावं लागतं. फोर्डसाठी कोड आहे १ई१सी. ट्रक उत्तरादाखल दोन बाइट पाठवतो. पहिल्याला २५६ ने गुणायचं, त्यात दुसरा मिळवायचा आणि बेरजेला १६ ने भागायचं, की सेल्सिअसमधलं तापमान मिळतं.

स्वतःचा कोड टाकता येईल असं ॲप फोनवर घेतलं आणि ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर बऱ्यापैकी दर्जाचा घेतला, तो सॉकेटात बसतो; हे दोन्ही मिळून माझा स्कॅनर. अशा जोडणीतल्या ईएलएम३२७ चिपच्या अगदी स्वस्त नकला सगळीकडे मिळतात, पण एका वेळी चार-पाच आकडे मागितले की त्यातल्या बऱ्याच अडखळतात. घाट चढताना आकडा दहा सेकंद गोठला तर तो नसल्यातच जमा.

कुठून तरी मिळालेलं सूत्र तपासल्याशिवाय वापरायचं नाही. ट्रक रात्रभर अंगणात उभा होता. पहाटे इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवली आणि कच्चं उत्तर पाहिलं: ०१ ००. पहिला बाइट १, दुसरा शून्य. २५६ भागिले १६ म्हणजे १६ अंश सेल्सिअस. आत येणाऱ्या हवेचा सेन्सर १६ दाखवत होता आणि कूलंटचा १७. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे तिन्ही आकडे जुळायलाच हवेत, आणि ते जुळले. नंतर गाडी फिरवून आणल्यावर उत्तर आलं ०५ ई०. हे बाइट सोळाच्या पायातले (हेक्स) असतात: ई० म्हणजे २२४, आणि ५ गुणिले २५६ अधिक २२४ म्हणजे १,५०४. भागिले १६ म्हणजे ९४ सेल्सिअस, २०१ फॅरनहाइट. सूत्र दोन्ही टोकांना पटण्यासारखं निघालं.

हा सेन्सर गिअरबॉक्सच्या तळाशी, पॅनमधल्या ऑइलात बसलेला आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून नुकतंच बाहेर पडलेलं ऑइल यापेक्षा बरंच गरम असतं. त्यामुळे दिसणारा आकडा हा नेहमी साठ्याचा आकडा समजायचा. जिथे उष्णता तयार होते तिथलं तापमान यात दिसत नाही.

१४ जून

ट्रेलरशिवाय, सी-४७० महामार्गावर लांबलचक फेरी. कूलंट दहा मिनिटांत तापलं, गिअरबॉक्सला अर्धा तास लागला. मग १९२ ते १९७ च्या दरम्यान स्थिरावला. थांबलो, निघालो, एसी लावला, तरी फार फरक पडला नाही. ऑइलच्या वाटेवर थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आहे. ऑइल थंड असेल तर तो त्याला कूलरकडे जाऊ देत नाही. हा गिअरबॉक्स याच तापमानाला चालावा असा बनवलेला आहे, आणि १९५ बघून कूलर मोठा करायला धावायचं काही कारण नाही.

ट्रकवाल्यांमध्ये एक तक्ता वर्षानुवर्षं फिरतोय: १७५ अंशांना ऑइल एक लाख मैल टिकतं आणि पुढे दर २० अंशांना आयुष्य निम्मं होतं. त्या हिशोबाने माझं ऑइल १९५ ला पन्नास हजार मैलांत संपायला हवं. पण या ट्रकच्या पुस्तिकेत साध्या वापरासाठी ऑइल बदलायचं अंतर दीड लाख मैल दिलंय. ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी तेच तीस हजार आहे. तक्ता जुन्या खनिज ऑइलांच्या जमान्यातला आहे आणि आजच्या मर्कॉन एलव्ही ऑइलाला तो जसाच्या तसा लावणं चूक आहे. जास्त उष्णतेने ऑइल लवकर म्हातारं होतं ही त्यातली दिशा खरी आहे. आकडे मात्र धरून बसू नयेत. त्या तक्त्याला घाबरून लोक चांगल्या गिअरबॉक्सवर उगाच पैसे ओततात, म्हणून एवढं लिहिलं.

२१ जून

ट्रेलर भरला: पाण्याची टाकी, गॅसची नळकांडी, भांडी, सायकली. सगळं डिलनला नेणार तसंच. ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन केलं. वजन विभागणाऱ्या हिचच्या (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या सांध्याच्या) सळ्या मुद्दाम सैल केल्या होत्या, नाहीतर हिचवरचा खरा भार कळत नाही. ट्रकचे दोन ॲक्सल मिळून ६,७४० पौंड, ट्रेलरचे ५,६२०, एकूण १२,३६०. मग ट्रेलर सोडून एकटा ट्रक तोलला: ५,९६०. म्हणजे हिचवर ७८० पौंड आणि ट्रेलर ६,४००. प्रमाण साधारण १२ टक्के. दहा ते पंधराच्या आत असावं, ते आहे.

तिथून चॅटफील्ड स्टेट पार्कपर्यंत, जवळपास सपाट रस्ता. टो-हॉल, म्हणजे ट्रेलर ओढतानाच्या गिअरबदलाचं, बटण दाबलेलं. गिअरबॉक्स २०१. म्हणजे सपाटीवर ट्रेलरने पाच-सहा अंशच वाढवले.

याच फेरीत आणखी एक आकडा पडद्यावर आणला: कन्व्हर्टरची घसरण, म्हणजे इंजिनाचे फेरे वजा टर्बाइनचे फेरे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना थेट जोडलेले नसतात. एक चक्र ऑइल फेकतं आणि त्या झोताने दुसरं, म्हणजे टर्बाइन, फिरतं. दोघांच्या वेगात फरक असला की तेवढी ताकद ऑइल ढवळण्यात जाते, आणि ढवळलेलं ऑइल तापतं. वेग जमला की आतला क्लच दोन्ही चक्रं जखडून टाकतो, घसरण शून्याला येते आणि उष्णतेचा मोठा स्रोत बंद होतो. सिग्नलवरून निघताना पडद्यावर हजारच्या वर घसरण दिसते, मग खटकन वीस-तीसवर येते. तो क्षण दिसायला लागल्यापासून गाडी चालवण्याची माझी नजरच बदलली.

११ जुलै, रात्री, हीटन बे

पोचलो. बायको शेजारी बसून आकडे वाचत होती, मी रस्त्यावर. फोन स्टँडवर. १ जानेवारी २०२५ पासून कोलोरॅडोत गाडी चालवताना फोन हातात धरायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी घाटात ड्रायव्हरने पडद्याकडे बघत बसणं बरं नव्हे.

डेन्व्हर सोडल्यावरचा पहिला मोठा चढ ताशी ५५ मैलांनी, घसरण वीसच्या आसपास, गिअरबॉक्स २०६. आयडाहो स्प्रिंग्ज, २०३. इथपर्यंत काळजीचं काही नाही.

जॉर्जटाऊन ते सिल्व्हर प्लूम हा सहा टक्क्यांचा चढ. त्याच्या मध्यावर पुढे कुठेतरी अपघात झालेला, आणि दोन्ही लेन तुंबल्या. दहा-बारा मैलांचा वेग, मग थांबा, मग पुन्हा बारा. गिअरबॉक्स आपणहून दुसऱ्यात जात होता. घसरण सातशे ते साडेसातशे, आणि सुटायचं नाव नाही.

“दोनशे बारा.”

“बघत राहा.”

“दोनशे एकोणीस. अरे, हा थांबेना.”

२२७ पर्यंत गेला. मी स्वतःला घातलेली मर्यादा अशी: २१५ ला सावध, २२५ ला पद्धत बदलायची, २४० ला जागा मिळेल तिथे बाजूला. गिअर लिव्हरवरच्या उणे बटणाने पहिला गिअर धरून ठेवला. त्याच बारा मैलांना दुसऱ्यात टर्बाइन अकराशेच्या आसपास फिरत होतं, पहिल्यात एकोणीसशेच्या वर गेलं. इंजिन जरा ओरडू लागलं, पण घसरण तीनशेच्या खाली आली. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकण्याऐवजी मोठं अंतर पडू दिलं आणि एकेक सलग टप्पा घेतला. मधे काहीजण घुसले, घुसू दिले. पूर्ण थांबल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलायची नाही. ब्रेक दाबायचा, थांबा लांबला तर पार्कमध्ये टाकून इंजिन किंचित वाढवायचं. त्याने पंप ऑइल कूलरकडे ढकलत राहतो आणि कन्व्हर्टरवर भार नसतो. आकडा २२७ वरच थबकला, मग २२४, मग २२१.

रांग सुटल्यावर जे दिसलं ते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं. चढ संपलेला नव्हता, उलट उंची वाढतच होती. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी पन्नास मैलांवर, जवळपास २,९५० फेऱ्यांवर, कन्व्हर्टर जखडला, घसरण वीस. इंजिन मघापेक्षा कितीतरी जास्त ताकद लावत होतं, आणि गिअरबॉक्स थंड होत होता. सिल्व्हर प्लूमनंतर २१५. लव्हलँडजवळ २०९. बोगद्याच्या तोंडाशी २०८.

बोगदा ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांब उतार, वाटेत ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे सुटकेचे उतारे. टो-हॉलमुळे गिअर खालीच राहिला आणि इंजिनाने गाडी धरली. कसारा किंवा खंबाटकीत मालट्रकवाले सांगतात की ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. इथेही तोच नियम. खाली पोचेपर्यंत गिअरबॉक्स १९८.

१३ जुलै

परतीची चढण जास्त खडी, सात टक्के, पण रविवारी लवकर निघालो म्हणून रस्ता मोकळा. सिल्व्हरथॉर्न ते बोगदा ४५ मैलांनी, तिसऱ्यात, जखडलेला कन्व्हर्टर. सर्वोच्च आकडा २११. चढ अधिक आणि वजन तेच असूनही परवापेक्षा सोळा अंश कमी. बोगद्यानंतर खाली जॉर्जटाऊनला थांबून चाकांच्या हबवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. ट्रेलरचे हब एकसारखे कोमट, एकही वेगळा नाही. स्कॅनर ट्रेलरबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे ही तपासणी हातानेच करावी लागते.

१९ जुलै

ॲपमधला लॉग संगणकावर उतरवून घेतला. तापमान आणि घसरण एकाच आलेखात काढली की घसरण आधी उसळते आणि तापमान जवळपास मिनिटभर मागून येतं. पॅनमध्ये सेन्सर आहे म्हणून असंच व्हायला हवं. म्हणजे तापमान बघून वागणारा माणूस मिनिटभर उशिरा वागतो.

११ तारखेचा हिशोब कागदावर मांडला. एकूण वजन ५,६०० किलो धरू. सहा टक्क्यांच्या चढावर बारा मैलांनी सरकायला चाकांपाशी साधारण २२ किलोवॅट लागतात. थांबत-निघत चालताना कन्व्हर्टरमधून सरासरी दोन तृतीयांश ताकदच पुढे पोचली असं धरलं, तर इंजिनाला ३३ द्यावे लागले आणि दहाच्या वर किलोवॅट ऑइलात गेले. खोलीत ठेवायचे एक किलोवॅटचे दहा हिटर त्या बारा लिटर ऑइलात बुडवून ठेवावेत, तसं. वर पुढून वारा नाही, कारण गाडी सरकतच नाही. याउलट त्याच चढावर पन्नास मैलांना वारा आणि घर्षण धरून ११० किलोवॅटच्या आसपास लागतात, पण घसरण २,९५० पैकी २०, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. कन्व्हर्टरची उष्णता जवळजवळ शून्य, आणि कूलरवर सोसाट्याचा वारा.

तेव्हा ट्रेलर ओढणाऱ्याने घाबरायचं ते तुंबलेल्या रस्त्याला. नुसत्या चढाला इंजिन आणि कूलर पुरून उरतात. लांब चढावर हळू जाऊन गाडीला ‘जपणारे’ पुष्कळ आहेत, आणि वरच्या गिअरमध्ये कन्व्हर्टर सुटा ठेवून ते नेमकं उलट करतात. खालचा गिअर, जास्त फेरे, जखडलेला कन्व्हर्टर: कानाला त्रास होतो, पण गिअरबॉक्सला आराम पडतो.

२ ऑगस्ट

ऑइल आणि फिल्टर बदलला. तीस हजार मैल भरायला अवकाश आहे, पण सेकंडहँड ट्रकचा मागचा इतिहास माझ्याकडे नाही, आणि एकदा २२७ झालाय. पॅन उतरवला की निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. निघालेलं गडद तांबूस होतं, जळका वास नव्हता. चुंबकावर राखाडी साय, लोखंडाचे कण नाहीत. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून ठेवला, तो बाहेरच्या कडेपर्यंत लाल पसरला.

आणि स्कॅनर इथेही लागतोच. ६आर८० ला बॉनेटखाली डिपस्टिक नाही. छोटी पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूच्या बुचाला जोडलेली आहे, एक्झॉस्टच्या अगदी शेजारी, आणि पातळी मोजायची ती ऑइल २०६ ते २१५ अंशांत असताना, इंजिन चालू ठेवून. थंड ऑइलात मोजलं तर पातळी खोटी कमी दिसते, आणि माणूस वरून ओतत बसतो. लांब बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे, गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली. मुलगा पडद्यावरचा आकडा ओरडून सांगत होता: २०७ झाल्यावर बूच सोडलं, जेमतेम अर्धा लिटर वाढवलं, २१३ ला पुन्हा बघितलं. पट्टीवरच्या खुणांच्या मध्ये.

९ ऑगस्ट

ऑरोरातल्या मित्राचा फोन. “अरे, माझ्या टॅकोमाला तर काटासुद्धा नाही. तुझा कोड टाकला तर काहीच येत नाही.” येणारही नाही. टोयोटाचे कोड वेगळे. त्यात एक फायदा असा की टोयोटा दोन तापमानं देते, पॅनचं आणि कन्व्हर्टरच्या बाहेरचं. जीएमच्या ट्रकांना मोड २२ मध्ये १९४० विचारायचं. उत्तराचा एकच बाइट, त्यातून ४० वजा केले की सेल्सिअस. पण कोणाचाही कोड असो, पहिली तपासणी रात्रभर थंड झालेल्या गाडीतच करायची. त्याला तेवढंच बजावलं.

१६ ऑगस्ट

यूएस २८५ ने, बेलीपाशी क्रो हिल उतरून, पुढे दहा हजार फुटांवरच्या केनोशा खिंडीपर्यंत. पडद्याची मांडणी बदलली आहे: घसरण मोठ्या अक्षरांत वर, त्याखाली चालू गिअर, मग तापमान. तापमान २१५ झालं की ॲप आवाज देतं.

ग्रँटनंतरच्या चढावर समोर एक जुनी मोटारहोम तीस मैलांनी चालली होती. ओव्हरटेकला जागा नव्हती. घसरण दोनशेच्या वर गेली तशी बायको म्हणाली, “सुटला.” उणे बटण एकदा दाबलं, तिसऱ्यातून दुसरा, फेरे वाढले, कन्व्हर्टर जखडला. तापमानाला हलायला वेळच मिळाला नाही. खिंडीत २०४. दिवसातला सर्वोच्च आकडा २१२, तोही परत येताना क्रो हिल चढताना.

ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं उघडून ग्रीस भरायची राहिली आहेत. ती सप्टेंबरच्या खेपेआधी. लॉग चालू ठेवतोय, कारण दुपारी ९५ अंशांच्या उन्हात, तुंबलेल्या रस्त्यावर पहिला गिअर आधीपासून धरला तर आकडा कुठे थांबतो, हे मोजायचं बाकी आहे.